तासगावची पोटनिवडणूक

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे मंडळात ठरले, तेव्हा गडकिल्ल्यांचा व लढायांचा विषय मी जाणत्यांसाठी सोडून दिला. मी घेतला आहे तो इतिहास अगदी अलीकडचा, २०१५ सालचा. परंतु त्यात एक आपल्यासारखी घर सांभाळणारी बाई आहे, म्हणून तो मला लिहावासा वाटला.

तासगाव आपल्या पिंपळगाव राजापासून फार दूर, सांगली जिल्ह्यात. तरी तेथील आर. आर. पाटील, ज्यांना सारे ‘आबा’ म्हणत, हे नाव आपल्याकडे परके नव्हते. ग्रामविकास खाते त्यांच्याकडे असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडचे, शेंडगावचे. त्यांच्या नावाने गावोगाव हातांत खराटे आले, आणि ते बहुतेक बायकांच्याच हातांत आले, हे जाता जाता सांगून ठेवते!

आबा अंजनी गावचे. १९९० पासून ते लागोपाठ सहा वेळा निवडून आले. गृहमंत्री झाले, उपमुख्यमंत्रीही झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे ५७. आमदाराची जागा रिकामी झाली की ती सहा महिन्यांत भरावी असा कायदा आहे. त्याप्रमाणे ११ एप्रिलला मतदान ठरले, आणि राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवारी दिली ती आबांच्या पत्नी सुमनताईंना. कपाळीचे कुंकू जाऊन दोन महिने झाले नाहीत, तोच त्या माऊलीला मते मागावी लागली. आपल्याकडे अशा वेळी बाई उंबरठ्याबाहेर पडली तर चार तोंडे चार गोष्टी बोलतात. तेथे मात्र लोकांनी तिला उचलून धरले.

भाजप, शिवसेना व काँग्रेस ह्या पक्षांनी आबांच्या स्मृतीस मान देऊन उमेदवार उभा केला नाही. अपक्ष उभे राहिले, म्हणून मतदान झाले. १५ एप्रिलला मोजणी झाली. सुमनताईंना १,३१,२३६ मते पडली, त्यांच्या खालोखाल स्वप्निल पाटील यांना १८,२७३. म्हणजे लाखाच्या वर फरक!

त्याच दिवशी मुंबईत वांद्रे पूर्वचीही पोटनिवडणूक झाली. तेथेही आमदार बाळा सावंत वारले होते व शिवसेनेने त्यांच्या पत्नी तृप्तीताईंना उभे केले होते. तेथे मात्र मान वगैरे काही नव्हता. समोर माजी मुख्यमंत्री नारायण राणे उभे. तरी तृप्तीताई १९,००८ मतांनी निवडून आल्या. २०१४ च्या निवडणुकीत २८८ जागांवर अवघ्या २० बायका आल्या होत्या, त्यांत ह्या दोघींची भर पडली.

मंडळात ह्यावर बोलणे निघाले, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, “ही मते बाईला नव्हेत, नवऱ्याला पडली.” मला ते तेव्हा झोंबले. पण विचार करता त्यांत निम्मे खरे आहे असे वाटते. २०१५ ची मते आबांचीच होती. परंतु २०१९ साली सुमनताईंसमोर अजितराव घोरपडे उभे राहिले, तेच ज्यांनी २०१४ साली आबांशी लढत दिली होती. ह्या वेळी कोणी माघार घेतली नाही, कोणी मान ठेवला नाही, तरी त्या निवडून आल्या. तो विजय मी त्यांच्या एकटीच्या नावावर मांडते. वहिनींना काय मांडायचे ते त्यांनी मांडावे.

तृप्तीताईंचे उलटे झाले. त्याच वर्षी पक्षाने त्यांना तिकीट दिले नाही. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. माजी मुख्यमंत्र्यांना हरवलेली बाई चार वर्षांत पक्षाला नकोशी का झाली, ह्याचे उत्तर मला कोठे मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट. आमदारकीस उभे राहण्यास वय २५ पूर्ण लागते. २०१५ साली सुमनताईंचा मुलगा रोहित शाळकरी वयाचा होता. २०२४ साली तो २५ वर्षांचा झाला, त्या जागेवर उभा राहिला आणि निवडून आला. सुमनताई त्या खेपेस उभ्या नव्हत्या. आता मी वहिनींनाच विचारते, २०१५ साली तो मुलगा २५ वर्षांचा असता, तर तिकीट कोणाला मिळाले असते?