बोटांनी वाचलेलं जग



स्मरणिकेत बहुतेक जण आठवणी लिहितील, म्हणून मी इतिहासाचा एक धडा निवडला आहे. ‘लुई ब्रेलने अंधांसाठी लिपी शोधली’ एवढ्या एका वाक्यात तो आपल्याला माहीत असतो. त्या वाक्यामागे मोठा झगडा आहे.

पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी शाळा काढली. जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरं उठावदार छापून ते मुलांना वाचायला शिकवत. अंधांना शिकवता येतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. पण ती अक्षरं डोळ्यांसाठी घडलेली होती. एकेक वळण चाचपत वाचायला फार वेळ लागे, पुस्तकं अवजड होत आणि मुलांना स्वतःच्या हाताने तसं लिहिता येत नसे.

लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, कूव्रे गावातला. वडील घोड्यांचं चामडी सामान बनवत. तीन वर्षांचा असताना खेळता खेळता आरी त्याच्या डोळ्यात गेली. जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या त्या शाळेत आला. तिथे त्याला शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लिपी कळली. ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन समजतो, हे त्यातलं मर्म. पण बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नव्हते आणि ती लिपी फक्त उच्चार लिहीत होती, शुद्धलेखन नाही. ब्रेलने ठिपके सहावर आणले. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये त्याने आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली.

शून्य आणि एक यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे फार जवळचं वाटतं. प्रत्येक ठिपका असतो किंवा नसतो. सहा ठिपक्यांच्या जुळण्या चौसष्ट. त्यात अक्षरं, विरामचिन्हं, गणित, संगीताची स्वरलिपी, सगळं बसतं.

मुलांना ही लिपी लगेच आवडली, मोठ्यांना नाही. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हे त्यामागचं एक कारण. १८४० नंतर त्याच शाळेत काही काळ तिच्यावर बंदी होती, तरी मुलं ती गुपचूप वापरत राहिली. १८५२ मध्ये ब्रेल गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली.

अक्षरांचा प्रश्न सुटला, पण नदी, डोंगर, खंड यांचं काय? अमेरिकेत बोस्टनच्या पर्किन्स शाळेसाठी स्टीफन रगल्स यांनी १८३७ मध्ये लाकडाचा एक प्रचंड पृथ्वीगोल बनवला. त्याचा परीघ तेरा फूट, जमीन उचललेली, समुद्र खोल. डोळ्यांना आधी सगळा गोल दिसतो, मग तपशील. बोटांचं उलट असतं: आधी एक किनारा, मग दुसरा, आणि ते जोडून मनात खंड उभा राहतो. म्हणून चांगल्या स्पर्श-प्रतिकृतीत काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं हे महत्त्वाचं. सगळंच उठावदार केलं, तर बोटांना नुसता खडबडीतपणा कळतो.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धत स्वीकारली गेली. म्हणून मराठीतला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ डोळ्यांना वेगळे दिसले, तरी बोटांना एकच लागतात. आज संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या बारीक खुंट्यांवर ब्रेलमध्ये उमटवणारी यंत्रंही आहेत. ती महाग आहेत आणि बहुतेक मुलांच्या हाती पोहोचलेली नाहीत.

या इतिहासातून मी एक गोष्ट घेतली: वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी काही बनवू नये. स्नेहमेळाव्यानिमित्त शाळेला काय भेट द्यावी, यावर चर्चा चालूच आहे. माझी सूचना अशी की महाराष्ट्राचा एक उठावाचा नकाशा द्यावा. सह्याद्री हाताला लागावा, गोदावरी बोटाने नाशिकपासून पूर्वेकडे जाता यावी, नावं मराठीत आणि ब्रेलमध्ये असावीत. बनवण्याआधी तो एखाद्या अंध शिक्षकाकडून तपासून घेऊ. आणि तो काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. त्याच्याखाली पाटी लावायची: ‘कृपया हात लावा.’