दुधाळ पिशवीतला साका

१८ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षा-इशारा काढला. शिरेतून पोषणद्रावण दिल्यानंतर दोन रुग्ण दगावले होते. शवविच्छेदनात फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कॅल्शियम फॉस्फेट सापडले.

शर्करा, अमिनो आम्ले, क्षार आणि स्निग्धांश हे सारे स्वयंचलित यंत्राने एकाच पिशवीत मिसळलेले. कॅल्शियम व फॉस्फेट यांचे प्रमाण वा क्रम चुकला की साका धरतो, हे रसायनशास्त्राला नवे नव्हते. परंतु स्निग्धांशाने दुधासारख्या झालेल्या द्रावणात पांढरा साका दिसावा कसा? यंत्र मापात अचूक असेल. पारखणारी नजर त्याला कुठून असणार!

प्रशासनाने बजावले: फॉस्फेट आधी, कॅल्शियम मागाहून, स्निग्धांश त्यानंतरच; मध्ये नळी धुवावी आणि रुग्णाला देताना गाळणी लावावी.