दक्षिणेचा हिशेब

राज्याचे अंदाजपत्रक हा सामान्यतः रुक्ष कागद समजला जातो. त्यातील रकमा वाचून कोणाचे मन हेलावत नाही. तथापि एखाद्या राज्याने कोणती विद्या जोपासण्याजोगी मानली, ती कोणाला दिली आणि ते काम कोणाच्या हाती सोपविले, ह्या प्रश्नांची खरी उत्तरे जाहीरनाम्यांपेक्षा खर्चाच्या रकान्यांतच सापडतात. पुण्याच्या दक्षिणा निधीचा इतिहास ह्याचा उत्तम दाखला आहे. एका वर्णाच्या विद्वानांसाठी सुरू झालेला हा निधी पुढे पाठशाळा, मराठी ग्रंथ, मुलींच्या शाळा आणि महाविद्यालयीन वेतने अशी वळणे घेत गेला. प्रत्येक वळणावर एकच वाद होता : हा पैसा कोणाचा, आणि तो कोणासाठी?

दक्षिणेची प्रथा मूळची तळेगावची. सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांनी ती चालविली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावांनी ही प्रथा पुण्यास आणली. श्रावण महिन्यात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास लोटत. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. विद्वानांची वेदशास्त्रांत परीक्षा होऊन योग्यतेनुसार त्यांचा सन्मान होई, आणि सामान्य भिक्षुकही रिक्त हस्ताने परतत नसे. भरभराटीच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात जाई. हा पैसा येई तो मुख्यतः जमीनमहसुलातून, म्हणजे कुणब्याच्या कष्टातून. पण तो ज्या विद्येवर खर्च होई, तिचे दार त्याच कुणब्याच्या मुलास बंद होते. त्या काळी ह्यात कोणास विसंगती वाटली नाही, कारण राजाने विद्वान ब्राह्मणास दान देणे हा धर्म समजला जाई आणि धर्माचा हिशेब मागण्याची रीत नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या सत्तेपुढे दक्षिणेचा प्रश्न उभा राहिला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी मुत्सद्दी होता. ही प्रथा एकाएकी मोडली तर पुण्यातील वजनदार वर्ग दुखावेल, हे तो जाणून होता. त्याने दक्षिणा चालू ठेवली, पण तिचा खर्च सुमारे ५० हजार रुपयांवर आणला आणि त्यातील काही भाग शिक्षणाकडे वळविला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दान संस्थेकडे वळले, हा पहिला पालट होय. पण शिकविणारे शास्त्री ब्राह्मण आणि शिकणारेही प्रायः ब्राह्मणच राहिले. पैशाची वाट बदलली, मुक्काम तोच राहिला.

पुढच्या दोन दशकांत सरकारने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे बंद केले. जुने दक्षिणाधारी कालवश होतील तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. ह्या शिलकेचे काय करावे, हाच १८४९ मधील वादाचा विषय झाला. गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराचे काही सुशिक्षित तरुण ह्यांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणारांस पारितोषिक म्हणून द्यावा आणि त्यात जातीचा निर्बंध नसावा, ही त्यांची मागणी होती. अर्जदारांपैकी पुष्कळजण स्वतः ब्राह्मण होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सनातनी मंडळींचा ह्यावर मोठा क्षोभ झाला. त्या प्रसंगी अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपल्या समाजातील तरुणांसह उभे राहिले. भाषेचा, जातीचा आणि सरकारी तिजोरीचा प्रश्न ह्या एका अर्जात असा एकत्र आला होता.

सरकारने ही मागणी मान्य केली. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. हेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आले. ह्याच सुमारास जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांच्या मुलींच्या शाळा पुण्यात चालू होत्या. त्या शाळांनाही दक्षिणा निधीतून साहाय्य मिळाले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीरावांचा मेजर कँडी ह्यांच्या हस्ते सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला, तोही विश्रामबागवाड्यातच. ज्या वाड्यात तीस-एकतीस वर्षांपूर्वी शास्त्र्यांची पाठशाळा भरली, तेथेच मुलींना शिकविणाऱ्या एका माळी गृहस्थाचा गौरव व्हावा, ही घटना लहान नव्हती.

परंतु नियम बदलला म्हणजे व्यवहार बदलतोच असे नाही. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. जोशाच्या भूलथापांना बळी पडून नाडलेले एक शेतकरी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरविते, असे त्याचे कथानक आहे. कमिटीने ते स्वीकारले नाही. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’ ह्या १८७३ च्या ग्रंथात नमूद केले. हे नाटक छापून वाचकांसमोर यावयास १९७९ साल उजाडले. सर्व जातींना खुल्या असलेल्या पारितोषिकाची किल्ली मात्र एकाच वर्गाच्या हाती राहिली, असा ह्या प्रसंगाचा अर्थ आहे. पैसा कोणाचा आणि कोणासाठी, ह्या दोन प्रश्नांना तेव्हापासून तिसरा प्रश्न जोडला गेला : तो कोणाच्या हातून?

दक्षिणा निधीने चांगली फळे दिली नाहीत असे नव्हे. त्यातून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे ह्यांच्यासारख्या थोर पुरुषांना विद्यार्थिदशेत ह्याच निधीचा आधार मिळाला. मराठी गद्यग्रंथांनाही उत्तेजन मिळाले. तथापि ही फळे जे महाविद्यालयापर्यंत पोहोचले त्यांच्याच वाट्यास आली. खेड्यातील शाळेची पायरीही ज्यांनी चढली नव्हती, त्यांच्यापर्यंत हा ओघ पोहोचला नाही.

ह्याच उणिवेवर जोतीरावांनी १८८२ मध्ये बोट ठेवले. विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन सादर केले. सरकारचे बहुतेक उत्पन्न रयतेच्या श्रमातून येते, पण ते वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर सढळपणे खर्च होते, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे तत्त्व त्यांनी साफ नाकारले. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला जाई. ह्या फंडाचा अर्धा भाग प्राथमिक शिक्षणाकडे जावा, बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे व्हावे, स्त्रीशिक्षणास अधिक उदारपणे साहाय्य मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये वेतन मिळावे, असेही त्यांनी सुचविले. तिसऱ्या प्रश्नाचे हे त्यांचे उत्तर होते.

हे निवेदन तत्काळ फळास आले नाही. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा अशी त्यांची योजना होती. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारच्या आक्षेपांत पैशाच्या अडचणीचाही समावेश होता. परंतु कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तत्पूर्वी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ह्याही आधी, १९०६ मध्ये, सक्तीचे शिक्षण सर्व राज्यभर लागू केले होते. इच्छा असेल तर तिजोरी लहान असूनही चालते, हे ह्या दोन राज्यांनी दाखवून दिले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे, शैक्षणिक हित जपणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व मानले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी भागासाठी आणि पुढे अनुसूचित जातींसाठी वेगळी तरतूद दाखविण्याची पद्धत आली. २००५-०६ पासून केंद्राच्या अंदाजपत्रकासोबत स्त्रियांसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र विवरण येऊ लागले. कुणब्याच्या वाट्याचे काय, असे जे जोतीरावांना विचारावे लागले, त्याचे उत्तर राज्याने स्वतः लिहून देण्याची ही रीत आहे.

मात्र रकाना लिहिला म्हणजे रक्कम पोहोचली असे होत नाही. १८५१ च्या नियमात जातीचा निर्बंध नव्हता, तरी १८५५ मध्ये नाटक परत आले. आजही एखाद्या वस्तीतील शाळेसाठी वा मुलींच्या वसतिगृहासाठी मंजूर झालेला पैसा तेथे वेळेवर पोहोचला की वाटेत अडला, तो खर्च करणाऱ्यांत त्या वस्तीतील कोणी आहे की नाही, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. तो मागण्याचा अधिकार ज्याच्या महसुलावर दक्षिणा चालली त्या कुणब्याला नव्हता; त्याच्या नातवंडांना तो मिळाला आहे.