पारश्यांचे संजान येथील आगमन

अरबांनी सासानी साम्राज्य जिंकल्यानंतर जरथुश्त्री धर्म न सोडणाऱ्या इराणी लोकांच्या एका समूहाने समुद्रमार्गे भारतात केलेले स्थलांतर. अखेरचा सासानी सम्राट तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये मारला गेला. धर्मरक्षणार्थ सागर ओलांडणारे समूह म्हणून १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेस गेलेल्या इंग्रज पृथक्‌पंथीयांचा निर्देश नेहमी होतो. पारश्यांचे उदाहरण त्याहून कित्येक शतके जुने आहे.

या स्थलांतराचा एकमेव सविस्तर वृत्तांत म्हणजे किस्सा-इ-संजान हे फार्सी काव्य. नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद संजाना यांनी ते १५९९ मध्ये रचले. त्यानुसार हे लोक शंभर वर्षे कोहिस्तानच्या डोंगराळ मुलखात, पुढे पंधरा वर्षे होर्मुझ येथे व एकोणीस वर्षे दीव येथे राहिले. दीवहून निघाल्यावर वादळात सापडले असता त्यांनी आतश बहराम हा पवित्र अग्नी स्थापण्याचा नवस केला. संजानचा (सध्याचा वलसाड जिल्हा, गुजरात) राजा जादी राणा याने स्थानिक भाषा व स्त्रियांनी स्थानिक वेश स्वीकारणे, शस्त्रे खाली ठेवणे, विवाह सायंकाळी करणे अशा अटींवर त्यांना आश्रय दिला. दुधात साखर मिसळल्याची लोकप्रिय कथा मात्र किश्श्यात नाही.

आगमनाचे वर्ष ७१६ की ९३६, याविषयी मतभेद आहेत. कित्येक शतकांनंतर रचलेल्या काव्यातील वर्षगणना जशीच्या तशी ग्राह्य धरणे कठीण आहे; म्हणून कोरीव लेखांचे महत्त्व अधिक. चिंचणी (पालघर जिल्हा) येथील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूटांच्या वतीने संयान म्हणजे संजानचा कारभार मधुमती (मुहम्मद) हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता व त्याच्या संमतीने तेथील एका मठास दान मिळाले होते. अरबांपासून केवळ पलायन, एवढ्यावर या वसाहतीचा उलगडा होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचे आकर्षणही त्यामागे असावे. कान्हेरी लेण्यांत १००९ व १०२१ या वर्षांचे पेहलवी लेख असून त्यांत तेथे येऊन गेलेल्या जरथुश्त्रींची नावे आहेत. संजान येथे २००२ नंतर झालेल्या उत्खननांत दोखम्याचे अवशेष मिळाले.

पुढे मुसलमानी आक्रमणात संजान पडले. तेव्हा इराणशाह हा अग्नी घेऊन धर्मगुरू डहाणूजवळील बाहरोटच्या डोंगरातील गुहांत बारा वर्षे राहिले. तेथून वांसदा, नवसारी इत्यादी ठिकाणी नेलेला हा अग्नी १७४२ पासून उदवाडा येथे आहे.