कुंडीच्या आधी पाणी : बेंगळुरूच्या गच्चीवरच्या बागेचा इतिहास

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, लढाया आणि पलटणी यांच्याविषयी बोलतो. पण चित्रीकरण होतं ते माझ्या बेंगळुरूच्या घराच्या गच्चीवर, आणि माझ्या मागे वांगी, मिरच्या आणि दोडक्याचा मांडव सारखा दिसत राहतो. त्यामुळे इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, आम्हालाही गच्चीवर भाजी लावायची आहे. कुंड्या कुठल्या घेऊ?"

आज त्याचं उत्तर देतो, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे इतिहासातून. कारण कुंड्या कुठल्या हा या कामातला चौथा-पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पाण्याचा. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, मार्च 2024 मध्ये कळलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बोअरवेल एकामागून एक आटल्या. टँकरसाठी लोक रात्री जागू लागले. तेव्हा बेंगळुरूच्या जलमंडळानं हुकूम काढला : पिण्याचं पाणी बागेला, गाडी धुवायला, बांधकामाला वापरायचं नाही, वापरलं तर 5,000 रुपये दंड. माझ्या गच्चीवर तेव्हा बेचाळीस पिशव्या होत्या. टोमॅटो धरला होता, मेथी वीतभर वर आली होती. नळी हातात घेऊन मी उभा होतो. दंडाची भीती नव्हती. पण खालच्या रस्त्यावर एक बाई दोन घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसली होती, आणि मी वर टोमॅटोला कावेरीचं पाणी घालणार होतो. नळी खाली ठेवली. पंधरा दिवसांत बेचाळीसपैकी एकतीस पिशव्या वाळल्या.

वाळलेली रोपं उपटताना मनात आलं, ज्या गावाला सगळा देश उद्याननगरी म्हणतो, त्या गावात पूर्वी भाजी पिकायची ती कुठल्या पाण्यावर?

नकाशा पाहा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि गावाजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडानं इथे पेठ वसवली. पाऊस अडवून तळी भरायची, एक भरलं की सांडव्याचं पाणी पुढच्या तळ्यात, अशी इथली व्यवस्था. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. पुढे 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानानं शहाजीराजांसह हे ठाणं घेतलं आणि ते राजांच्या जहागिरीत आलं. बालशिवाजी आणि जिजाऊ काही काळ ज्या बेंगळुरूत राहिले, त्या बेंगळुरूची तहानही तळीच भागवत होती.

तळ्यांच्या बांधाखाली भाजीचे आणि फुलांचे मळे असत. ते कसणारा समाज म्हणजे तिगळ, आपल्याकडच्या माळी समाजासारखा. तळ्याचं पाणी, तळ्यातलाच काढलेला गाळ आणि उथळ विहिरी यांवर त्यांचा मळा चाले. चैत्रात या समाजाचा मोठा उत्सव होतो, त्याचं नाव करग. करग म्हणजे घडा. फुलांनी सजवलेला तो घडा डोक्यावर घेऊन, हातांचा आधार न देता, पुजारी रात्रभर जुन्या पेठेतून फिरतो. उत्सव द्रौपदीचा आहे. पण बागवानांच्या समाजानं शहरातून मिरवावा तर घडा, आणि त्याचे विधी तळ्यांशी जोडलेले असावेत, हे मला फार बोलकं वाटतं.

1760 मध्ये हैदरअलीनं लालबाग सुरू केली. दिल्ली, लाहोर, मुलतान इथून रोपं मागवली. टिपूनं ती वाढवली. इंग्रजांच्या काळात, 1856 पासून, ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. आता पलटणीतल्या माणसाला आवडेल असा भाग. 1809 मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची छावणी हलवून बेंगळुरूला आणली. सैन्य पोटावर चालतं, आणि गोऱ्या सैनिकाला कोबी, गाजर, फ्लॉवर, फरसबी लागे. छावणीमुळे या विलायती भाज्यांना इथे हुकमी गिऱ्हाईक मिळालं. लालबागेचा अधीक्षक जॉन कॅमरून यानं अशी बरीच नवी पिकं इथे रुजवली. चाऊचाऊ ही वेलीवरची भाजी त्यातलीच. कन्नड माणूस तिला 'सीमे बदनेकाई' म्हणतो, म्हणजे विलायती वांगं, आणि तमिळ माणूस तिला 'बेंगळूर वांगं' अशा अर्थाच्या नावानं ओळखतो. माझ्या गच्चीवर तिचा एक वेल आहे आणि तो कोणालाच जुमानत नाही.

कॅमरूननंतर आला गुस्ताव क्रुंबिगल. हा जर्मन माणूस लंडनच्या क्यू उद्यानात शिकला, पण भारतात आणला तो आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. बडोद्यात पंधरा-एक वर्षं काढून 1908 मध्ये तो म्हैसूर संस्थानात आला. वर्षभर कुठला ना कुठला वृक्ष फुललेला असावा, अशा बेतानं त्यानं बेंगळुरूचे रस्ते लावले. 1912 मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी निघाली. लालबागेतली पुष्पप्रदर्शनं आणि घरगुती बागांच्या स्पर्धा यांमुळे सामान्य घरांत बागेची हौस शिरली.

घरंही तशी होती. 1898 मध्ये प्लेग आला, दाटीची पेठ सोडून लोक बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहतींत गेले. तिथे घराला अंगण आणि मागे परस. नारळ, शेवगा, कढीपत्ता घरचा. त्याआधी, 1882 मध्ये, अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून राहावं म्हणून महाराजांनी दिलेल्या जमिनीवर एक वसाहत उभी राहिली. तिचं नाव व्हाइटफील्ड. आज तिथे संगणक कंपन्यांचे मनोरे आहेत आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या मुली-जावयांची घरं.

मग एवढं सगळं असताना मळे गेले कुठे? माझ्या मते याचं उत्तर नळात आहे. 1896 मध्ये हेसरघट्ट तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. 1974 मध्ये कावेरी आली, सुमारे 100 किलोमीटरवरून आणि जवळपास अर्धा किलोमीटर वर उचलून. यात वाईट काही नाही. पटकी, विषमज्वरापासून माणसं वाचली ती या स्वच्छ पाण्यानं. पण नळ घरात आला तसं गावातलं तळं कोणाच्याच गरजेचं राहिलं नाही. गरज संपली की राखणही संपते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचा बस स्टँड झाला. शूले तळ्यावर फुटबॉलचं मैदान झालं. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम उभं राहिलं, आणि करगाच्या विधीसाठी तिथे एक लहानसं कुंड तेवढं शिल्लक ठेवलं. तळं बुजलं, त्याच्याबरोबर बांधाखालचा मळाही गेला.

पुढे घरंही बदलली. इथे जमिनीचं माप बोलायचं ते 'थर्टी-फॉर्टी'त. तीस फूट बाय चाळीस फुटांच्या साइटवर तीन मजले चढवले की मातीला जागा उरते ती फक्त डोक्यावर. म्हणून बाग गच्चीवर गेली. या कामाला बेंगळुरूत शिस्त लावली ती डॉ. बी. एन. विश्वनाथ या कृषिशास्त्रज्ञानं. ते पेशानं कीटकशास्त्रज्ञ, पण गृहिणी, निवृत्त मंडळी, संगणकवाले अशांना गच्चीवर विषमुक्त भाजी पिकवायला त्यांनी शिकवलं. 'गार्डन सिटी फार्मर्स' ही संस्था त्याच परंपरेतली. 2011 पासून त्यांचा 'ऊट फ्रॉम युवर तोट' हा मेळा भरतो. ऊट म्हणजे जेवण, तोट म्हणजे बाग.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'नं पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि थोडंसं पाणी यांचा चोख हिशोब शेतकऱ्याला शिकवला. त्याच वाटेनं 2002 च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच भाज्यांच्या देठा-सालींवर, प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. मुंबईत जागा नाही म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

मी मात्र सुरुवात केली ती कोणालाही न विचारता. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या आणि लाल माती ठासून भरली. वीस लिटरची बादली ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या वर जाते, हे उचलताना कळायला हवं होतं. पहिल्याच पावसात गच्चीचं पाणी जायचं तोंड मातीनं तुंबलं. दोन दिवस पाणी साचून राहिलं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आली. रंगाचे पोपडे पलंगावर पडले तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "रेकी न करता हल्ला केलात."

खरं होतं. आणि गंमत म्हणजे हे मी नोकरीत पाहिलेलं होतं. लेहला 1962 पासून संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे, जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून. तिथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. जमिनीत चर खणून वर प्लॅस्टिक टाकून भाजी काढतात. पण चर खणायचा कुठे, हे ठरतं वितळलेल्या बर्फाचं पाणी कुठवर पोचतं यावरून. त्याहून जुनं उदाहरण माझ्या साताऱ्याकडच्या आजोळचं. तिथे परसात केळ आणि अळू कुठे लावायचं याची चर्चा कधी झाली नाही. मोरीचं पाणी जिथे जायचं, तिथे केळ. आजीनं बागेसाठी वेगळी घागर कधी भरली नाही.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, क्रमानं.

पहिलं पाणी. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. थर्टी-फॉर्टीचं छप्पर म्हणजे साधारण 111 चौरस मीटर. बेंगळुरूचा वर्षाचा पाऊस 900 मिलिमीटर धरा. म्हणजे सुमारे एक लाख लिटर. सांडलवंड वजा जाता 80,000 तरी हाती येतं. कर्नाटकात 2009 च्या कायद्यानं इथल्या या मापाच्या नव्या घरांना पाऊस साठवणं सक्तीचंच केलं आहे. वीस लिटरच्या एका पिशवीला उन्हाळ्यात रोज सव्वा लिटर पुरतं. चाळीस पिशव्यांना 50 लिटर, शंभर कोरड्या दिवसांना 5,000 लिटर. मी 5,000 लिटरची टाकी ठेवली, पण खाली जमिनीवर, कारण भरल्यावर तिचं वजन पाच टन होतं. ऑक्टोबरच्या पावसानं ती भरून झाकून ठेवतो. शिवाय तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी रोज वर जातं. तुमच्या गावचा पाऊस घाला आणि हाच गुणाकार करा. जेवढं पाणी निघेल तेवढ्याच पिशव्या मांडा.

दुसरं वजन. वावरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण 150 किलोचा भार धरून आराखडा करतात. नुसत्या ओल्या मातीचा वीतभर थरदेखील त्याच्या पुढे जातो. म्हणून लाल माती एक भाग, कंपोस्ट एक भाग, नारळाचा भुसा म्हणजे कोकोपीट एक भाग. जड पिशव्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवा, मध्यभागी नको. घर जुनं असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

तिसरं उतार आणि पाणी जायचं तोंड. पिशव्या विटांवर ठेवा, खालून वारा खेळू द्या, तोंडावर जाळी बसवा. ओल असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, बाग नंतर.

आणि मग कुंड्या. त्या कुठल्याही चालतात. सुरुवात पाच पिशव्यांनी करा : मेथी, मिरची, पुदिना, वांगं आणि एक वेल. पाच नीट जगल्या की दहा करा.

2024 नंतर माझ्या गच्चीवर बेचाळीसऐवजी अडतीस पिशव्या आहेत. टाकीचा हिशोब तेवढाच बसतो. चार कमी झाल्या, पण उन्हाळ्यात नळाला हात लावावा लागत नाही. या वर्षी तिगळांच्या करगाला मी पहिल्यांदाच रात्री जागून गेलो. तो घडा समोरून गेला तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर : 1791 चा बेंगळुरूच्या किल्ल्याचा वेढा. तोवर तुमच्या छपराचं माप घेऊन ठेवा. जय हिंद.