न सोडलेल्या जोडण्या : वेब सेवा अचानक ठप्प का होते?

विमानाचे तिकीट काढणारा प्रवासी एका संकेतस्थळावर माहिती भरतो. त्या पडद्यामागे मात्र एक संगणक दुसऱ्या संगणकाकडे आसनांची, दरांची आणि पैसे जमा झाल्याची चौकशी करीत असतो. अशा चौकशीला उत्तर देणाऱ्या व्यवस्थेस ‘वेब सेवा’ आणि चौकशी करणाऱ्या आज्ञावलीस ‘क्लायंट’ असे म्हणतात. या क्लायंटना एक विचित्र विकार जडतो. सकाळी सारे सुरळीत असते, दुपारी काम मंदावते आणि सायंकाळी ते पूर्ण थांबते. आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केली की ती लगेच ‘बरी’ होते. दोष समोरच्या सर्व्हरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात अनेकदा क्लायंटनेच घेतलेली जोडणी परत केलेली नसते.

जोडणी बंद होते कशी?

महाजालावरील बहुतेक वेब सेवा टीसीपी या नियमावलीवर चालतात. तिचा मूळ मसुदा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. या नियमांनुसार जोडणी दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे बंद करावी लागते. सर्व्हरने ‘माझे बोलणे संपले’ असा संदेश पाठवला, की क्लायंटकडील जोडणी ‘क्लोज-वेट’ या अवस्थेत जाते. समोरच्याने फोन ठेवला आहे, पण आपला रिसीव्हर अजून खाली ठेवलेला नाही, असा या अवस्थेचा अर्थ आहे. ती संपवणे हे आज्ञावलीचे काम असते. संगणकाची कार्यप्रणाली तिला ठरावीक वेळेनंतर आपणहून संपवीत नाही. त्यामुळे विसरलेली जोडणी आज्ञावली बंद होईपर्यंत तशीच पडून राहते.

‘टाइम-वेट’ ही अवस्था याहून वेगळी आहे. जी बाजू प्रथम जोडणी बंद करते, तिला उशिरा पोहोचणाऱ्या संदेशांसाठी थोडा काळ थांबावे लागते. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा असतो आणि नंतर जोडणी आपोआप नाहीशी होते. या दोन अवस्थांची गल्लत झाली, की उपचार चुकतो. ‘टाइम-वेट’साठी कार्यप्रणालीत केलेले फेरफार ‘क्लोज-वेट’वर काहीही परिणाम करीत नाहीत.

दोनच जोडण्यांचा साठा

एचटीटीपीच्या १९९६ मधील आवृत्तीत साधारणपणे प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उघडली जाई. १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीने एकच जोडणी अनेक विनंत्यांसाठी वापरण्याची पद्धत रूढ केली. त्यातून जोडण्यांचा साठा ठेवणारी ग्रंथालये, म्हणजे तयार आज्ञावलींचे संच, पुढे आली. १९९९ च्या मसुद्यात एका क्लायंटने एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत, असा सल्ला होता. २०१४ मध्ये तो आकडा काढून टाकण्यात आला. तरी जावा भाषेतील अपॅची एचटीटीपी-क्लायंट या संचाच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत, वेगळी सूचना न दिल्यास, एका सर्व्हरसाठी २ आणि एकूण २० जोडण्या हीच मर्यादा राहिली. पाचव्या पिढीत ती अनुक्रमे ५ आणि २५ झाली.

म्हणजे दोन जोडण्या परत न आल्यास तिसरी विनंती ताटकळते. तिसऱ्या पिढीत हा प्रतीक्षाकाळ मुळातच अमर्याद होता. त्यामुळे चुकीचा संदेशही येत नाही, केवळ शांतता पसरते. याउलट प्रत्येक विनंतीसाठी नवा क्लायंट आणि नवा साठा निर्माण केल्यास दोनची मर्यादा आड येत नाही, पण उघड्या जोडण्यांचा ढीग साचतो. लिनक्सवर एका प्रक्रियेला सामान्यतः १०२४ फाइली उघडता येतात आणि जोडण्याही त्यातच मोजल्या जातात. ती मर्यादा गाठली, की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश दिसतो.

ॲक्सिस-२ चे उदाहरण

२००६ मध्ये १.० आवृत्ती आलेली अपॅची ॲक्सिस-२ ही प्रणाली या विकाराचे बोलके उदाहरण आहे. ती सोप पद्धतीचे उत्तर एकदम वाचत नाही, तर जेवढा भाग मागितला जाईल तेवढाच उलगडते. मोठ्या उत्तरांसाठी यामुळे स्मृतीची बचत होते. परंतु उत्तर हाती आले असे वाटत असतानाच त्याचा उरलेला भाग जोडणीवर वाट पाहत असतो. आज्ञावलीने हवा तो एक घटक उचलून पुढचे वाचन सोडून दिले, की जोडणी अडकते.

यावर प्रणालीतच उपाय आहे. ‘क्लीनअप-ट्रान्सपोर्ट’ ही सूचना जोडणी मोकळी करते. ‘कॉल-ट्रान्सपोर्ट-क्लीनअप’ हा पर्याय चालू केल्यास प्रणाली आधी पूर्ण उत्तर वाचते आणि मग जोडणी सोडते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. वाचन पूर्ण होण्यापूर्वीच जोडणी सोडल्यास उर्वरित उत्तर हाती लागत नाही.

सर्वाधिक गळती होते ती चुकीच्या वाटेवर. जोडणी सोडण्याची ओळ सरळ मार्गावर लिहिलेली असते, पण सर्व्हरने दोष कळवला वा मुदत उलटली, की आज्ञावली ती ओळ ओलांडून थेट पुढे जाते. समोरची सेवा आजारी पडते त्याच दिवशी चुका वाढतात आणि प्रत्येक चुकीगणिक एक जोडणी हरवते. सर्व्हर सावरल्यानंतरही क्लायंट उभा राहत नाही, त्याचे कारण हे असते.

निदान कसे करावे?

प्रथम ‘नेटस्टॅट’, ‘एसएस’ वा ‘एलएसओएफ’ या साधनांनी जोडण्यांची अवस्थेनुसार मोजणी करावी आणि ती काही काळाने पुन्हा करावी. एकाच पत्त्याकडील ‘क्लोज-वेट’चा आकडा सतत वाढत असेल आणि वर्दळ ओसरल्यावरही उतरत नसेल, तर गळतीचा संशय बळावतो. साठ्यातील निष्क्रिय जोडण्याही काही वेळ या अवस्थेत दिसू शकतात. आकडा साठ्याच्या मर्यादेतच राहत असेल, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. सर्व्हरने अद्याप फोन ठेवलेला नसल्यास हरवलेली जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’ अवस्थेतही दिसू शकते.

यानंतर ‘जेस्टॅक’च्या साह्याने जावा आज्ञावलीतील धाग्यांची स्थिती पाहावी. बहुतेक धागे साठ्यातून जोडणी मिळण्याची वाट पाहत असतील, तर कोंडी तेथे आहे. ते उत्तराचे वाचन करीत थांबले असतील, तर सर्व्हर संथ असण्याची शक्यता अधिक.

खात्रीसाठी एक साधी कसोटी आहे. चाचणीच्या संगणकावर साठ्याची मर्यादा १ ठेवावी, प्रतीक्षेला काही सेकंदांची मुदत द्यावी आणि एकामागोमाग दोन विनंत्या कराव्यात. दुसरी विनंती मुदत संपून फसली, तर पहिलीने जोडणी परत केलेली नाही. हीच कसोटी मुद्दाम चूक घडवूनही घ्यावी.

उपाय आणि मलमपट्टी

उत्तर शेवटपर्यंत वाचावे. जोडणी सोडण्याची सूचना ‘फायनली’ या विभागात लिहावी, म्हणजे चूक झाली तरी ती पाळली जाते. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही रचना हेच काम आपोआप करते. क्लायंट एकदाच तयार करून सर्वांनी वापरावा. जोडणी होणे, उत्तर वाचणे आणि साठ्यात थांबणे या तिन्हींसाठी स्वतंत्र मुदती ठरवाव्यात. गळती थांबवण्याचे काम मुदती करीत नाहीत, पण मुकी कोंडी नोंदवता येईल अशा चुकीत बदलतात.

साठ्याची वा फाइलींची मर्यादा वाढवणे आणि दररोज रात्री आज्ञावली पुन्हा सुरू करणे हे मात्र केवळ काळ लांबवणे आहे. गर्दीच्या दिवशी तोच विकार लवकर उफाळतो. हा नियम जावापुरता मर्यादित नाही. ‘गो’ भाषेतही उत्तराचा भाग बंद करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याचीच असते. जोडणी उघडणारी ओळ जेथे असेल, तेथेच ती कोण आणि केव्हा बंद करणार हे ठरलेले असावे. चाचणी घेताना हा प्रश्न विचारला गेला, तर ग्राहकाला कोऱ्या पडद्यासमोर ताटकळावे लागण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.