मालाचा मागोवा : रेडिओ टॅग आणि ब्लॉकचेन

शेतातून किंवा कारखान्यातून निघालेला माल दुकानात पोहोचेपर्यंत कोठे, केव्हा आणि कोणाच्या ताब्यात होता, याची सलग नोंद ठेवण्याची पद्धत. मालाची ओळख रेडिओ टॅग पटवतो. नोंद ब्लॉकचेन या सामाईक वहीत जपली जाते.

टॅगमध्ये मोहरीहूनही लहान चिप आणि तिला जोडलेला पातळ अँटेना असतो. बहुतेक टॅगांना बॅटरी नसते. टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, रेडिओलहरींतूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळवते. बारकोडप्रमाणे एकेक खोका रीडरसमोर धरावा लागत नाही. गोदामाच्या दारावर रीडर बसवला, की पॅलेटवरचे खोके आत जाताजाताच मोजले जातात. भारतातील वाहनांचा फास्टॅग याच तंत्रावर चालतो. मात्र धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. म्हणून डबाबंद किंवा रसाळ मालाच्या काही खोक्यांची नोंद निसटते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात ऑटो-आयडी सेंटर सुरू झाले आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक देण्याच्या कल्पनेने जोर धरला. २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून टॅग लावण्यास सांगितले.

ब्लॉकचेनमधील नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, असतो. जुनी नोंद कोणी बदलली तर पुढचे ठसे जुळत नाहीत, आणि प्रती अनेकांकडे असल्याने फेरफार लगेच उघड होतो. आयबीएमबरोबरच्या चाचणीत वॉलमार्टने आंब्याच्या फोडींच्या पाकिटाचा उगम २.२ सेकंदांत शोधला. जुन्या पद्धतीने त्याला जवळपास सात दिवस लागले होते. या वेगाचे श्रेय ब्लॉकचेनपेक्षा सर्व टप्प्यांच्या नोंदी एकाच साच्यात आल्या, याला अधिक द्यावे लागते.

या पद्धतीचा कच्चा दुवा टॅग चिकटवण्याच्या क्षणी असतो. नोंद पुसता येत नाही, एवढ्यानेच ती खरी ठरत नाही. अस्सल टॅग काढून बनावट औषधाच्या खोक्यावर लावला, तर ब्लॉकचेन ती खोटी नोंदही तितक्याच निष्ठेने जपते. काढताना फाटणारे आणि सांकेतिक किल्लीने ओळख पटवणारे टॅग हा धोका कमी करतात. तो नाहीसा करत नाहीत.

सर्वांना मान्य असलेली एखादी संस्था असेल, तर ब्लॉकचेनवाचूनही काम भागते. महाराष्ट्रातील निर्यातक्षम द्राक्षांचा माग अपेडा या केंद्र सरकारच्या कृषिनिर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या मध्यवर्ती प्रणालीतून, बागेची नोंदणी आणि कीडनाशक-अंशांच्या तपासणीपासून, ठेवला जातो. परस्परांचे स्पर्धक एकत्र येतात तेथे ब्लॉकचेनची खरी गरज भासते, पण त्यांना एकत्र आणणेच सर्वांत कठीण. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचे जहाजवाहतुकीसाठीचे ट्रेडलेन्स हे व्यासपीठ जगभरच्या उद्योगाचे पूर्ण सहकार्य न मिळाल्याने २०२३ च्या सुरुवातीला बंद झाले.